मार्गदर्शक तत्त्वे आणि मूलभूत हक्क : शासनाचे कर्तव्य नागरिकाचा हक्क केव्हा होते?

बडोदे शहरातील प्रतापनगर येथे पश्चिम रेल्वेच्या वडोदरा विभागाचे मुख्य कार्यालय आहे. गुजरातेतील इतर वस्त्यांप्रमाणे येथेही परवान्यावाचून मद्य विकणे, बाळगणे किंवा पिणे हा गुन्हा आहे. पणजीत मात्र परवानाधारक मद्यालय हा नेहमीच्या व्यापाराचाच एक भाग मानला जातो. दोन्ही शहरांना एकच राज्यघटना लागू आहे. मादक पेयांच्या सेवनावर, औषधी उपयोग वगळता, बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगणारा अनुच्छेद ४७ दोन्हीकडे सारखाच आहे. तरीही एका राज्यात संपूर्ण दारूबंदी आणि दुसऱ्यात मद्यापासून महसूल, अशी स्थिती आहे. घटनाभंग झाला असे दोहोंपैकी कोणत्याही राज्याविषयी म्हणता येत नाही.

आता दुसरे उदाहरण घ्यावे. प्रतापनगरात किंवा पणजीत पोलिसांनी एखाद्या व्यक्तीस अटक केली, तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत तिला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते. प्रतिबंधक स्थानबद्धतेसारखे अपवाद घटनेनेच नमूद केले आहेत. त्यांपलीकडे कोणत्याही राज्य सरकारला येथे निवड करण्याची मुभा नाही. हा अनुच्छेद २२ आहे. त्याचा भंग झाला तर अटकेतील व्यक्तीचे नातलग थेट उच्च न्यायालयात जाऊ शकतात.

अनुच्छेद ४७ हे राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व आहे, तर अनुच्छेद २२ हा मूलभूत हक्क आहे. दोन्ही एकाच घटनेत, काही पानांच्या अंतरावर आहेत. त्यांच्यातील भेद नेमका कोणता, तो कोणी व का केला, आणि कर्तव्याच्या रकान्यातील गोष्ट हक्काच्या रकान्यात कशी येते, हे समजून घेणे प्रत्येक नागरिकाच्या हिताचे आहे. कारण कोणत्या गाऱ्हाण्यासाठी न्यायालयात जायचे आणि कोणत्यासाठी ग्रामसभेत किंवा मतदानकेंद्रावर, हे या भेदावरच ठरते.

घटनेतील दोन भाग

मूलभूत हक्क घटनेच्या तिसऱ्या भागात, अनुच्छेद १२ ते ३५ मध्ये आहेत. समानता, भाषण व संचार इत्यादी स्वातंत्र्ये, जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य, शोषणापासून संरक्षण, धर्मस्वातंत्र्य, अल्पसंख्याकांचे सांस्कृतिक व शैक्षणिक हक्क, आणि या सर्वांसाठी दाद मागण्याचा हक्क असा त्यांचा विस्तार आहे. अनुच्छेद १३ नुसार या हक्कांशी विसंगत असलेला कायदा विसंगतीच्या मर्यादेपर्यंत शून्य ठरतो. अनुच्छेद ३२ नुसार नागरिक सर्वोच्च न्यायालयात, तर अनुच्छेद २२६ नुसार उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करू शकतो. हे हक्क अमर्याद नाहीत. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता इत्यादी कारणांसाठी त्यांवर वाजवी निर्बंध घालता येतात. मात्र निर्बंध वाजवी आहे की नाही, याचा अंतिम निवाडा न्यायालय करते.

मार्गदर्शक तत्त्वे चौथ्या भागात, अनुच्छेद ३६ ते ५१ मध्ये आहेत. उपजीविकेचे पुरेसे साधन, समान कामाला समान वेतन, ग्रामपंचायतींची स्थापना, काम व शिक्षण मिळण्याची व्यवस्था, समान नागरी संहिता, बालकांचे संगोपन, सार्वजनिक आरोग्य, पर्यावरणाचे रक्षण, न्यायपालिका व कार्यपालिका यांची फारकत हे विषय त्यांत येतात. या भागाची किल्ली अनुच्छेद ३७ मध्ये आहे. या तरतुदींची अंमलबजावणी कोणत्याही न्यायालयाकरवी करून घेता येणार नाही, असे तो अनुच्छेद प्रथम सांगतो. लगेच पुढे तो असेही बजावतो, की देशाच्या कारभारात ही तत्त्वे मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. वाक्याचा पहिला भाग वकिलांना पाठ असतो. दुसऱ्या भागाकडे मात्र राज्यकर्त्यांचे अनेकदा दुर्लक्ष होते.

भेद कोणी व का केला?

हक्कांची ही द्विभागणी आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेवरून घेतलेली आहे. तेथे सामाजिक धोरणाची तत्त्वे विधिमंडळाच्या मार्गदर्शनासाठी दिली असून न्यायालयांना त्यांत हस्तक्षेप करता येत नाही. घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनी ही रचना भारतासाठी सुचवली. न्यायालय सरकारला एखादी कृती करण्यापासून रोखू शकते. परंतु शाळा बांधणे, दवाखाने काढणे, रोजगार देणे यांसाठी पैसा, मनुष्यबळ व काळ लागतो आणि त्यांचा क्रम लोकनियुक्त विधिमंडळाने ठरवावा, असा त्यामागील विचार होता.

या रचनेवर घटना समितीत कडाडून टीका झाली. ज्या हक्कासाठी दाद मागता येत नाही तो हक्क कसला, असा आक्षेप अनेकांनी घेतला. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी या तत्त्वांची तुलना अशा धनादेशाशी केली, की जो बँकेला सवड होईल तेव्हाच वटेल. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या आक्षेपाला उत्तर दिले. या तत्त्वांमागे कायद्याचे बंधनकारक बळ नाही हे त्यांनी मान्य केले. पण ती निरुपयोगी आहेत हे नाकारले. सत्तेवर कोणीही येवो, त्याला या सूचनांचा आदर करावाच लागेल. न्यायालयात नव्हे, तरी निवडणुकीत मतदारांपुढे त्याला उत्तर द्यावे लागेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढच्याच महिन्यात, ९ डिसेंबर रोजी, त्यांनी दाद मागण्याच्या हक्काला घटनेचा आत्मा व हृदय म्हटले. धोरण आणि दाद यांतील अंतर त्यांनी केवळ ग्रंथांतून जाणलेले नव्हते. ते त्यांनी बडोद्यात अनुभवले होते.

बडोदे, १९१७

तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याच्या करारानुसार ते १९१७ च्या सप्टेंबरमध्ये बडोद्यास आले. महालेखापालांच्या कार्यालयात त्यांची नेमणूक झाली. पण शहरात राहायला जागा मिळेना. हिंदू खाणावळीत प्रवेश अशक्य होता. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून त्यांना उतरावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव तेथे आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. त्या दिवशीचे काही तास त्यांनी कामाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

या प्रसंगात आजच्या घटनेचे दोन्ही भाग दिसतात. दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची राज्याने विशेष काळजी घ्यावी, हे आजचे अनुच्छेद ४६ मधील मार्गदर्शक तत्त्व आहे. सयाजीरावांची शिष्यवृत्ती हा त्याचाच पूर्वावतार होता. ती राजाच्या उदार धोरणातून आली आणि तिने एका तरुणाचे आयुष्य घडवले. पण धर्मशाळेतून हाकलले गेल्यावर त्याच तरुणापाशी कोणतीही दाद नव्हती. राजा सुधारक होता, नियुक्तीचा हुकूम हातात होता. तरी एका रात्रीच्या निवाऱ्याचा दावा सांगता येत नव्हता. सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव यांच्या वापरात जातीवरून मज्जाव करण्यास मनाई करणारा अनुच्छेद १५ (२) आणि अस्पृश्यता नष्ट करून तिचे आचरण शिक्षापात्र ठरवणारा अनुच्छेद १७ हे मार्गदर्शक तत्त्वांत नाहीत, मूलभूत हक्कांत आहेत. ते सरकारविरुद्ध तसेच खासगी व्यक्तीविरुद्धही चालतात. १९५५ मध्ये या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. राज्यकर्त्याच्या सद्भावनेवर काय सोपवायचे आणि काय सोपवायचे नाही, याचे उत्तर या मांडणीत आहे.

शिक्षण : शंभर वर्षांचा प्रवास

एखादे धोरण हक्क कसे बनते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरणही बडोद्यापासूनच सुरू होते. १८९३ मध्ये सयाजीरावांनी संस्थानच्या अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो कायद्याने साऱ्या संस्थानात लागू केला. या सक्तीचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे. म्हणजे सक्ती होती ती पालकावर. संस्थानने शाळा काढलीच नाही तर पालकाने कोणाकडे जावे, हा प्रश्न त्या व्यवस्थेत उद्भवत नव्हता. कारण शाळा काढणे हे राजाने स्वतःहून पत्करलेले कर्तव्य होते.

बडोद्याचे उदाहरण समोर ठेवून गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले. स्वतंत्र भारताची घटना तयार होत असताना मसुद्यात आरंभी प्रत्येक नागरिकास मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे, असे शब्द होते. नोव्हेंबर १९४८ मधील चर्चेत ते गाळण्यात आले. ज्या भागातील तरतुदी न्यायालयात चालत नाहीत, तेथे ‘हक्क’ हा शब्द विसंगत दिसतो, हे त्यामागील कारण होते. उरला तो प्रयत्नाचा निर्देश : घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा. हाच मूळचा अनुच्छेद ४५. मार्गदर्शक तत्त्वांपैकी मुदत घातलेले हे एकमेव तत्त्व होते.

ती मुदत जानेवारी १९६० मध्ये संपली. शिक्षण सर्वांपर्यंत पोहोचले नव्हते. परंतु अनुच्छेद ३७ मुळे त्याबद्दल एकाही पालकाला न्यायालयात उभे राहता आले नाही. वळण आले ते १९९३ मध्ये. उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा अर्थ अनुच्छेद ४५ च्या प्रकाशात लावला, तर चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क त्यात अंतर्भूत होतो. त्यानंतर २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि अनुच्छेद २१ क मूलभूत हक्कांत दाखल झाला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आणि हा अनुच्छेद १ एप्रिल २०१० पासून अमलात आले.

या कायद्यात ‘सक्ती’ शब्दाचा रोख बदलला. सहा ते चौदा वर्षांच्या बालकास प्रवेश, उपस्थिती व प्राथमिक शिक्षण पूर्ण करणे यांची हमी देण्याचे शासनाचे बंधन म्हणजे सक्ती, अशी व्याख्या त्यात आहे. पालकाचे कर्तव्य अनुच्छेद ५१ क मध्ये वेगळे नमूद झाले. बडोद्याच्या कायद्यात शासन पालकाला जाब विचारत होते. आता पालक शासनाला जाब विचारू शकतो. बालकाच्या हक्काबाबत तक्रार असल्यास ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी देता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत होणे अपेक्षित असते आणि त्याविरुद्ध राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

अनुच्छेद ४५ मात्र रिकामा राहिला नाही. सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व पूर्वप्राथमिक शिक्षण हा विषय आता तेथे आहे. अंगणवाडीच्या वयाच्या मुलाचा दावा आजही मार्गदर्शक तत्त्वांच्या रकान्यातच आहे.

संघर्ष आणि समतोल

हक्क आणि तत्त्वे यांचा सामना झाला तर वरचढ कोण? १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांना प्राधान्य दिले आणि मद्रास सरकारचा जातवार प्रवेशांचा आदेश रद्द केला. त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ (४) आणून मागासवर्गीयांसाठी विशेष तरतुदींचा मार्ग मोकळा करण्यात आला. जमीन सुधारणांच्या कायद्यांवरून हा संघर्ष दोन दशके चालला. १९७१ च्या २५ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१ ग घातला. भौतिक साधनसंपत्तीचे वाटप आणि संपत्तीच्या केंद्रीकरणास आळा, या अनुच्छेद ३९ मधील दोन तत्त्वांसाठी केलेला कायदा समानता इत्यादी हक्कांच्या भंगाच्या कारणावरून रद्द होणार नाही, असे त्यात म्हटले होते. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात ही मूळ तरतूद टिकली. पण तिचा न्यायालयीन तपासणी टाळणारा अंश रद्द झाला.

आणीबाणीत, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हे संरक्षण साऱ्याच मार्गदर्शक तत्त्वांना देण्यात आले. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा विस्तार रद्द केला. हक्क आणि तत्त्वे यांच्यातील समतोल हाच घटनेचा पाया आहे, एकाला दुसऱ्यावर सर्वस्वी वरचढ करणे म्हणजे घटनेचा मेळच बिघडवणे, असे त्या निकालाचे सार आहे. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने याच विषयाकडे पुन्हा पाहिले. केशवानंद भारती निकालात टिकलेला अनुच्छेद ३१ ग आजही अस्तित्वात आहे, असे सांगतानाच, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, असा निर्णय पीठाने बहुमताने दिला.

न्यायालयात तत्त्वांचा उपयोग

तत्त्वांसाठी थेट दावा लावता येत नाही, याचा अर्थ न्यायालयात ती निरुपयोगी असतात असा नाही. त्यांचा उपयोग दोन प्रकारे होतो. पहिला उपयोग ढालीसारखा. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ ला आव्हान दिले गेले तेव्हा १९५१ च्या बलसारा खटल्यात न्यायालयाने निर्बंध वाजवी आहेत का हे पाहताना अनुच्छेद ४७ विचारात घेतला. औषधी व प्रसाधनाच्या द्रव्यांबाबतच्या काही तरतुदी रद्द झाल्या. कायद्याचा गाभा टिकला. १९६० मध्ये गुजरात राज्य झाले तेव्हा हाच कायदा तिकडे गेला आणि प्रतापनगरात आज त्याचीच अंमलबजावणी होते. सरकारने कायदा केला तर तत्त्व त्याच्या पाठीशी उभे राहते. सरकारने कायदा केला नाही, जसा गोव्याने केलेला नाही, तर तेच तत्त्व न्यायालयात मूक राहते.

दुसरा उपयोग अर्थ लावण्यासाठी. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांनी दाद मागितली होती. उपजीविकेच्या साधनांविषयीची तत्त्वे जमेस धरून, जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे न्यायालयाने मानले. तरीही झोपड्या हटवण्याचा महापालिकेचा अधिकार कायम राहिला. त्यासाठी न्याय्य कार्यपद्धती पाळण्याचे बंधन तेवढे आले. व्याख्येने मिळालेला हक्क आणि प्रत्यक्ष हाती पडलेला लाभ यांत असे अंतर राहू शकते. समान कामाला समान वेतन हे तत्त्वही १९८२ च्या रणधीर सिंग खटल्यात समानतेच्या हक्काशी जोडले गेले. मोफत कायदेविषयक साहाय्याचा अनुच्छेद ३९ क १९७६ मध्ये आला, १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात तो न्याय्य कार्यपद्धतीचा भाग मानला गेला आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने त्याला यंत्रणा मिळाली.

गोव्यातील अनुभव

गोव्याचे नाव मार्गदर्शक तत्त्वांच्या संदर्भात सर्वाधिक घेतले जाते ते अनुच्छेद ४४, म्हणजे समान नागरी संहितेमुळे. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गोव्यातील समान नागरी कायदा अनुच्छेद ४४ मधून जन्मलेला नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. मुक्तीनंतर १९६२ च्या केंद्रीय कायद्याने येथील प्रचलित कायदे चालू ठेवले. विवाहानंतर सामाईक मालमत्तेत पती-पत्नीचा निम्मा-निम्मा वाटा, मुलगा व मुलगी यांना सारखा वारसा आणि मृत्युपत्राने मालमत्तेच्या अर्ध्या भागापलीकडे वारसांना डावलण्यास मनाई, ही या व्यवस्थेची ठळक वैशिष्ट्ये. वारसाहक्काचा भाग आता गोवा विधानसभेने २०१२ मध्ये संमत केलेल्या आणि डिसेंबर २०१६ पासून लागू झालेल्या कायद्यात आहे. काही समाजांचे मर्यादित विशेष नियम कायम असल्याने ही समानता निरपवाद नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ च्या एका निकालात गोव्याचा गौरवपूर्ण उल्लेख केला, तो याच मर्यादेची नोंद घेऊन.

भेद स्पष्ट होतो तो येथे. गोव्यातील एखाद्या मुलीला वडिलांच्या मालमत्तेतला वाटा नाकारला गेला, तर ती दिवाणी न्यायालयात जाते आणि तो मिळवते. तिच्या पाठीशी अनुच्छेद ४४ नसतो; विधिमंडळाचा कायदा असतो. गोव्याबाहेर समान संहितेची अपेक्षा न्यायालयांनी १९८५ च्या शाहबानो व १९९५ च्या सरला मुद्गल खटल्यांत व्यक्त केली. पण आदेश दिला नाही, कारण अनुच्छेद ३७ मुळे तो देताच येत नव्हता. उत्तराखंडात अशी संहिता २०२५ च्या जानेवारीत लागू झाली, तीही तेथील विधानसभेने कायदा केल्यामुळे.

अनुच्छेद ४० मधील ग्रामपंचायतींचे तत्त्व बराच काळ राज्यांच्या मर्जीवर होते. ७३ व्या घटनादुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून, पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले. नियमित निवडणुका व राखीव जागा बंधनकारक झाल्या. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ त्यातूनच आला. गोव्यातील १९१ पंचायतींच्या ग्रामसभांत बांधकामे, डोंगरकापणी, कचरा यांवरून होणारी खडाजंगी हे एका मार्गदर्शक तत्त्वाचे आजचे रूप आहे.

तिसरे उदाहरण खाणींचे. पर्यावरणाचे रक्षण करण्याचे तत्त्व अनुच्छेद ४८ क मध्ये आहे. त्याचा आधार एकट्याने घेऊन कोणी खाण बंद करू शकत नाही. परंतु न्यायालयांनी स्वच्छ पर्यावरण हा जीविताच्या हक्काचा भाग मानल्यामुळे हा विषय दाद मागण्याजोगा झाला. २१ एप्रिल २०१४ च्या गोवा फाउंडेशन निकालात सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे, लीज संपल्यावरचे खाणकाम बेकायदा ठरवले, वार्षिक उत्खननावर तूर्त दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि भावी पिढ्यांसाठी विक्रीच्या रकमेतील दहा टक्के कायमस्वरूपी निधीत जमा करण्यास सांगितले. त्याच वेळी खाणींवर पोट असणाऱ्या कुटुंबांचा उपजीविकेचा प्रश्नही उभा राहिला; तोही अनुच्छेद ३९ मधलाच. दोन तत्त्वे परस्परांसमोर आली, की त्यांचा तोल न्यायालयाला आणि सरकारला मिळूनच सांभाळावा लागतो, हे या प्रकरणाने दाखवले.

नागरिकाने काय पाहावे?

सरकारने एखादे कर्तव्य केले नाही अशी तक्रार असेल, तर प्रथम त्या विषयावर कायदा आहे का, हे पाहावे. शिक्षण, पंचायत, वेतन, विधी साहाय्य या विषयांत तत्त्वांचे कायद्यात रूपांतर झाले आहे. तेथे घटनेतील तत्त्वाचा नव्हे, तर कायद्यातील कलमाचा आधार घ्यावा. कायदा नसेल, तर तक्रार समानतेच्या किंवा जीविताच्या हक्काशी जोडता येते का, हा दुसरा प्रश्न. तसे असल्यास मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरी येथील गोवा खंडपीठात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते. हा अनुच्छेद मूलभूत हक्कांपुरता मर्यादित नाही. अन्य कायदेशीर हक्कांसाठीही तो चालतो. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. गोव्यात त्यासाठी राज्य व जिल्हा पातळीवरील प्राधिकरणे आहेत.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आले, तर मार्ग उरतो तो १९४८ मध्ये आंबेडकरांनी दाखवलेला : ग्रामसभा, विधानसभा आणि मतदान. उमेदवाराने कोणत्या तत्त्वाला कायद्याचे रूप देण्याचे वचन दिले, त्यासाठी किती निधी मागितला आणि अंमलबजावणी कोणाकडे सोपवली, हे विचारण्याचा अधिकार अनुच्छेद ३७ ने काढून घेतलेला नाही.

शिक्षणाचे तत्त्व हक्काच्या रकान्यात यायला घटना लागू झाल्यापासून साठ वर्षे लागली. अमरेलीतील प्रयोगापासून मोजले तर एकशे सतरा. तेवढ्या काळात जी मुले शाळेच्या उंबरठ्यावरून परतली, त्यांच्यासाठी तत्त्व आणि हक्क यांतला फरक हा केवळ परीक्षेतला प्रश्न नव्हता.